क्लायंटने स्वतः आणून दिलेले कन्फर्मेशन हा पुरावा ठरतो का?

नोंदवही

मी एका ऑडिट फर्ममध्ये काम करते आणि मला या क्षेत्रात येऊन दोन वर्षेही झालेली नाहीत. सध्या एका उत्पादन करणाऱ्या कंपनीचे ऑडिट चालू आहे. कंपनीला ज्यांच्याकडून पैसे येणे आहेत अशा सहा मोठ्या पार्ट्यांकडून बाकीचे कन्फर्मेशन, म्हणजे आपल्याकडे इतकी रक्कम बाकी आहे अशी लेखी पुष्टी, मागवण्याचे काम माझ्याकडे होते. पत्रे मी तयार केली, पण कंपनीतील मुख्य हिशेबनीस म्हणाले, "पोस्टाने पाठवलीत तर महिनाभर उत्तर येणार नाही. माझ्याकडे द्या, मी सही-शिक्का घेऊन आणून देतो." हे गृहस्थ तेथे अनेक वर्षे आहेत, आमच्या टीममध्ये सर्वांना त्यांच्याविषयी आदर आहे आणि मलाही आहे. मी पत्रे त्यांच्या हाती दिली. आठ दिवसांनी सहाही पत्रे सही-शिक्क्यांसह परत आली आणि प्रत्येक रक्कम खातेवहीशी पैन्‌पै जुळली.

पत्रे फाइलला लावताना माझ्या लक्षात आले की सहांपैकी एकाही कागदाला घडी नाही. पाकिटातून आलेल्या पत्राला दोन घड्या असतात. हे कागद प्रिंटरमधून निघाले तसेच सपाट होते. यात गैर काही नाही, कारण ती फोल्डरमधून नेली-आणली असणार. परंतु त्या सपाट कागदांकडे पाहताना मला प्रथमच जाणवले की माझ्या हातून गेल्यापासून परत माझ्या हाती येईपर्यंत हे कागद कोठे होते, याची मला काहीही माहिती नाही. मी सीनियरना तसे सांगितले. ते म्हणाले, "रकमा जुळल्या ना? मग फाइलला लाव आणि पुढचे काम घे."

माझे दोन प्रश्न आहेत. अशा रीतीने आलेले पत्र हा ऑडिटच्या दृष्टीने पुरावा ठरतो का? आणि मी आता आक्षेप घेतला, तर ज्या माणसाने मला मदत केली त्याच्या प्रामाणिकपणावर मी शंका घेत आहे असा त्याचा अर्थ होईल का? खरे सांगायचे तर दुसऱ्या प्रश्नाचा मला अधिक त्रास होतो आहे.

पडताळा

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. कन्फर्मेशनसाठी आंतरराष्ट्रीय ऑडिट मानक ५०५ आहे आणि त्याचा गाभा एकाच कल्पनेत आहे: पत्राच्या सगळ्या प्रवासावर ऑडिटरचा ताबा हवा. कोणाला विचारायचे हे ऑडिटरने ठरवायचे, पत्ता स्वतंत्रपणे तपासायचा, पत्र स्वतः रवाना करायचे आणि उत्तर तिसऱ्या पक्षाकडून थेट ऑडिटरकडे यायचे. तुमच्याकडे आलेल्या पत्रांत यातले पहिले वगळता काहीही झालेले नाही. त्यामुळे ती बाहेरच्या पक्षाने दिलेली कन्फर्मेशन नाहीत. ती क्लायंटने सादर केलेली कागदपत्रे आहेत. त्यांना किंमत शून्य नाही, पण तुम्ही फाइलवर त्यांना जे नाव देणार आहात त्या नावाची किंमत त्यांना नाही.

हा नियम कोठून आला तेही सांगतो, कारण नियम नुसता पाठ केला तर तो वेळखाऊ सोपस्कार वाटतो. १९३८ मध्ये अमेरिकेत मॅकेसन अँड रॉबिन्स या औषध कंपनीचे प्रकरण उघडकीस आले. कंपनीचे अध्यक्ष डोनाल्ड कॉस्टर हे वास्तविक फिलिप म्युसिका नावाचे, पूर्वी शिक्षा भोगलेले गृहस्थ होते. त्यांचे भाऊही खोट्या नावांनी या कारस्थानात सामील होते. ताळेबंदात सुमारे ८ कोटी ७० लाख डॉलरची मालमत्ता दाखवली होती आणि त्यातील सुमारे १ कोटी ९० लाख डॉलरचा साठा व येणे बाकी अस्तित्वातच नव्हती. खरेदीची बिले, माल पाठवल्याच्या पावत्या, पत्रव्यवहार, सगळे जागच्या जागी होते आणि एकमेकांशी जुळत होते, कारण ते सगळे एकाच घरातून निघत होते. ऑडिटरांनी कागद तपासले. गोदामात कोणी गेले नाही आणि ज्यांच्याकडून पैसे येणे होते त्यांना कोणी पत्र लिहिले नाही. त्या काळच्या रिवाजानुसार तशी सक्तीही नव्हती. पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, तेथील व्यावसायिक संस्थेने साठ्याच्या मोजणीला हजर राहणे आणि येणे बाकीचे थेट कन्फर्मेशन घेणे या दोन गोष्टी ऑडिटच्या नेहमीच्या कामात आणल्या.

म्हणून "रकमा जुळल्या ना?" या वाक्याने मी अस्वस्थ होतो. एकाच हाताने लिहिलेले दोन कागद नेहमीच जुळतात.

मुद्दल

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतो, म्हणजे कंपनीत हिशेब पाहतो, तेव्हा आमचीही बाजू मांडू द्या. ऑडिटरांनी परस्पर पाठवलेल्या पत्रांना पार्ट्या उत्तर देत नाहीत, ही वस्तुस्थिती आहे. पत्र कोणत्या तरी टेबलावर पडून राहते, कारण उत्तर देणे हे तेथील कोणाचेच काम नसते. मग ऑडिटर आम्हालाच विचारतात की उत्तरे का आली नाहीत, आणि अहवालाची तारीख जवळ आली की तगादा आमच्यामागे लागतो. अशा वेळी एखादा हिशेबनीस स्वतःचे काम बाजूला ठेवून सहा कार्यालयांत जाऊन सह्या घेऊन येतो, आणि त्याच्याच कागदांना घडी नाही म्हणून चर्चा होते, हे मला व्यथित करणारे आहे.

नोंदवही

मुद्दल, तुमचे म्हणणे मला पटते, आणि माझा दुसरा प्रश्न नेमका त्यातूनच आला आहे. घडी नसणे हा दोष आहे असे मी म्हटलेले नाही. घडीमुळे मला माझीच चूक दिसली, एवढेच. पत्रे मी हातातून सोडायला नको होती.

अनुजा

पार्ट्या उत्तर देत नाहीत ही अडचण खरी आहे, परंतु त्यावरचा उपाय मानकातच आहे. उत्तर आले नाही तर पर्यायी तपासणी करायची. वर्षअखेरीनंतर त्या पार्टीकडून पैसे आले का, हे बँकेच्या स्टेटमेंटवरून पाहायचे. आले असतील तर ते कोणत्या बिलापोटी आले ते जुळवायचे. आले नसतील तर बिल, माल रवाना केल्याचा कागद आणि समोरच्याने माल मिळाल्याची केलेली सही, अशी साखळी तपासायची. माझ्या अनुभवात नंतर जमा झालेली रक्कम हा कित्येकदा सही-शिक्क्याच्या पत्रापेक्षा बळकट पुरावा असतो, कारण सही करायला काही लागत नाही, पैसे पाठवायला मात्र लागतात. (जमा झालेले पैसे खरोखर त्याच पार्टीकडून आले आहेत ना, हे पाहायला विसरू नये.)

दुसरे असे की पत्र स्वतः पोस्टात टाकले म्हणजे काम झाले, असेही नाही. अमेरिकेत पेरेग्रिन फायनान्शियल ग्रुप या दलाली कंपनीचे संस्थापक रसेल वासेनडॉर्फ यांनी जवळजवळ वीस वर्षे बँकेतील शिल्लक फुगवून दाखवली. पडताळणीची पत्रे नियमितपणे पाठवली जात होती आणि उत्तरेही येत होती. फक्त पत्ता बँकेचा नव्हता; तो त्यांनी स्वतः घेतलेल्या एका पोस्ट बॉक्सचा होता. पत्र तेथे जाई, उत्तर ते स्वतः तयार करत आणि पाठवून देत. २०१२ मध्ये नियामक संस्थेने बँकांकडून इलेक्ट्रॉनिक पद्धतीने थेट पडताळणी सुरू केली तेव्हा हे सारे कोसळले. ग्राहकांचे २० कोटी डॉलरहून अधिक गेले होते. वासेनडॉर्फ यांना ५० वर्षांची शिक्षा झाली. या प्रकरणात पत्रांना घड्याही असतील आणि पोस्टाचे शिक्केही.

तेव्हा नवीन पत्रे पाठवाल तर पत्ते हिशेबनिसांच्या यादीतून घेऊ नका. पार्टीचे संकेतस्थळ, सरकारी नोंदणी, जुन्या बिलांवरील छापील पत्ता, यांपैकी निदान दोन ठिकाणी तो ताडून पाहा. ईमेलने मागवत असाल तर समोरच्याच्या पत्त्यातील डोमेन अक्षरन्‌अक्षर वाचा.

रेवाकाठ

आणखी एक सुचवते. पत्रात बाकीची रक्कम छापून "हे बरोबर आहे का?" असे विचारण्याऐवजी रक्कम कोरी ठेवून "आमच्या नावे तुमच्याकडे किती बाकी आहे ते लिहा" असे विचारता येते. छापलेल्या रकमेखाली न पाहता सही होते. कोरी जागा भरायला कोणाला तरी खाते उघडावे लागते. उत्तरे कमी येतात, हा तोटा आहे. तरीही सर्वांत मोठ्या दोन पार्ट्यांना मी हीच पद्धत वापरते.

जुनीवही

चर्चा वाचून मनात एक शंका आली. ऑडिटर हा रखवालदार आहे, माग काढणारा कुत्रा नव्हे, असे इंग्लंडमधील किंग्स्टन कॉटन मिलच्या खटल्यात १८९६ मध्ये न्यायमूर्ती लोप्स यांनी म्हटले होते. त्या खटल्यात व्यवस्थापकाने साठ्याची किंमत फुगवून प्रमाणपत्र दिले होते, ऑडिटरांनी त्यावर विसंबून सही केली आणि न्यायालयाने त्यांना जबाबदार धरले नाही. विश्वासू वाटणाऱ्या जबाबदार अधिकाऱ्यावर, शंकेला कारण नसताना, विसंबण्यात गैर नाही असे ते तत्त्व होते. मग एका जुन्या, आदरणीय हिशेबनिसावर विसंबणे चूक कसे?

पडताळा

जुनीवही, तो निकाल आजही सांगितला जातो, पण तेथे थांबता येत नाही. १९७० मध्ये ऑस्ट्रेलियात पॅसिफिक ॲक्सेप्टन्सच्या खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केले की वाजवी काळजी आणि कौशल्य म्हणजे काय, हे त्या त्या काळाच्या परिस्थितीवर ठरते आणि अफरातफरीची शक्यता लक्षात ठेवूनच ऑडिटरने आपले काम आखले पाहिजे. १८९६ चा ऑडिटर गोदामात गेला नाही तर चालले, कारण कोणीच जात नव्हते. आज त्याच वर्तनाला निष्काळजीपणा म्हटले जाईल.

आता धागाकर्तीचा दुसरा प्रश्न. आमच्या पिढीला शिकवलेले एक वाक्य मला फार उपयोगी पडले आहे: व्यवस्थापन अप्रामाणिक आहे असे गृहीत धरू नये आणि त्याचा प्रामाणिकपणा निर्विवाद आहे असेही धरू नये. दोन्ही गृहीतके वजा केली की जे उरते ते फक्त काम. तुम्ही पत्रे पुन्हा पाठवता तेव्हा तुम्ही त्या गृहस्थांविषयी कोणतेही विधान करत नाही. अहवाल वाचून कर्ज देणारा, शेअर घेणारा, माल उधार देणारा माणूस त्या हिशेबनिसांना कधीही भेटणार नाही. तुमचा त्यांच्यावर विश्वास आहे, पण तो विश्वास तुम्ही त्या वाचणाऱ्याला हाती देऊ शकत नाही. पुरावा देऊ शकता.

तिसरीप्रत

मी या धाग्यावर लिहावे की नाही याचा बराच विचार केला, कारण प्रसंग माझ्या मनावर अजून आहे. तपशील मुद्दाम धूसर ठेवतो.

काही वर्षांपूर्वी एका क्लायंटच्या हिशेब विभागात मी एकटाच बसलो होतो. शेजारच्या टेबलाचा खण अर्धवट उघडा होता आणि त्यात एका पुरवठादाराच्या नावाचे कोरे लेटरहेड दिसत होते, किमान पंधरा-वीस कागद. त्यावर दोन रबरी शिक्के पालथे ठेवलेले होते. एकाच्या रबरावर शाई अजून ओली चमकत होती. उलटी अक्षरे मला बसल्या जागेवरून वाचता आली. नाव त्याच पुरवठादाराचे होते. त्याच पुरवठादाराचे कन्फर्मेशन आदल्या आठवड्यात माझ्या फाइलला लागले होते.

त्या क्षणी मला खण पूर्ण उघडावा, मोबाइलने फोटो काढावा, एक कागद उचलून बॅगेत टाकावा, असे सगळे वाटून गेले. मी त्यातले काहीही केले नाही. मी पाहिले तेवढेच लगेच वहीत लिहिले: तारीख, वेळ, कोणत्या टेबलाशी बसलो होतो, काय दिसले, खोलीत कोण होते. मग बाहेर जाऊन पार्टनरना फोन केला. त्यांनी सांगितले, "कोणाला काही विचारू नकोस, कशाला हात लावू नकोस, मी उद्या येतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या पुरवठादारासह एकूण नऊ पार्ट्यांना आमच्या कार्यालयातून नव्याने पत्रे पाठवली. दोन पत्रे पत्ता सापडत नसल्याच्या शेऱ्यासह परत आली. संचालकांकडून समाधानकारक खुलासा मिळाला नाही आणि अखेरीस आमच्या फर्मने ते काम सोडले.

फोटो काढला असता तर आमची बाजू अधिक भक्कम झाली असती का, हा प्रश्न मला आजही पडतो.

मुद्दल

फोटो काढायला काय हरकत होती? खण उघडाच होता. चोर डोळ्यांदेखत दिसत असताना ऑडिटरने सभ्यपणा का पाळावा?

अनुजा

मुद्दल, तुमचा राग समजतो, पण तिसरीप्रत यांनी केले ते योग्य केले असे माझे ठाम मत आहे. ऑडिटरला कागद मागण्याचा अधिकार आहे आणि तो फार मोठा आहे. कंपनीने कागद दिला नाही तर तपासणीच्या व्याप्तीवर मर्यादा आली असे आपण लिहू शकतो, अभिप्राय सशर्त देऊ शकतो, अभिप्राय देण्यासच नकार देऊ शकतो, काम सोडू शकतो. हा सगळा अधिकार उघडपणे मागण्याचा आहे. परवानगीवाचून कोणाचा खण उपसण्याचा किंवा कागद नेण्याचा तो अधिकार नाही. झडती घेणे हे तपास यंत्रणांचे काम आहे आणि त्यांच्यावरही कायद्याची बंधने असतात. शिवाय खणातून कागद उचलला की तो तेथे होता हे सिद्ध करणे उलट अवघड होते, कारण आता तो तुमच्या बॅगेत असतो.

त्याच वेळी केलेली, तारीख-वेळ असलेली, पाहिले तेवढेच सांगणारी नोंद हा भक्कम पुरावा आहे. मानक २३० मध्ये कामाच्या कागदांविषयी अपेक्षा अशी आहे की या कामाशी पूर्वी संबंध नसलेल्या अनुभवी ऑडिटरला ते वाचून काय केले, काय आढळले आणि निष्कर्ष कसा निघाला हे समजावे. तिसरीप्रत यांची वहीतील नोंद या कसोटीला उतरते.

रेवाकाठ

याला जोडूनच गोपनीयतेचा मुद्दा येतो. असे काही आढळले तर ते मित्राला, वर्तमानपत्राला किंवा समाजमाध्यमांवर सांगायचे नाही. प्रथम फर्ममध्ये, मग व्यवस्थापनाच्या वरच्या पातळीवर, मग संचालक मंडळाकडे किंवा लेखापरीक्षण समितीकडे. परंतु गोपनीयता म्हणजे कायमचे मौन नव्हे. कायद्याने कळवणे बंधनकारक असेल तेथे कळवावेच लागते. लेखापालांच्या आंतरराष्ट्रीय नीतिसंहितेत कायदा व नियमांच्या उल्लंघनाविषयीच्या तरतुदी जुलै २०१७ पासून लागू झाल्या आहेत, आणि कायद्याची सक्ती नसतानाही व्यापक जनहितासाठी योग्य प्राधिकाऱ्याला कळवण्याची वाट त्यांनी मोकळी ठेवली आहे. ती वाट कोणी, केव्हा आणि कशी धरायची, हा निर्णय एकट्या कनिष्ठाने रात्रीत घेण्याचा नाही.

अक्षांश

धाग्याच्या विषयापासून थोडा बाजूला जातो, पण पुरावा डोळ्यांनी पाहिला तरी काय होते याचे हे उदाहरण आहे. १९६३ मध्ये अमेरिकेत खाद्यतेलाचा मोठा घोटाळा उघड झाला. टाक्यांतील तेलाच्या तारणावर कर्जे दिली होती आणि तपासनीस प्रत्यक्ष टाकीवर चढून मोजमाप घेत होते. टाक्यांत बहुतांशी पाणी होते. तेल पाण्यावर तरंगते, त्यामुळे वरून पाहणाऱ्याला तेलच दिसे. तपासनिसाने पाहिले ते खोटे नव्हते. त्याने फक्त तेवढेच पाहिले जेवढे वरून दिसते. साठ्याच्या मोजणीला जाणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला मी हे सांगतो आणि मग सांगतो की यादीतल्या वस्तू गोदामात शोध, आणि गोदामातल्या वस्तू यादीतही शोध. पहिल्याने फुगवलेले सापडते, दुसऱ्याने दडवलेले.

विभावरी

मी एका मध्यम फर्ममध्ये पार्टनर आहे, म्हणजे या गोष्टीत मी धागाकर्तीच्या सीनियरच्याही वरच्या खुर्चीवर बसते. त्या सीनियरविषयी येथे कोणी फारसे बोललेले नाही, म्हणून लिहिते.

"फाइलला लाव आणि पुढचे काम घे" हे वाक्य मी स्वतः उच्चारलेले आहे. ते उच्चारताना मला कोणताही गैरप्रकार झाकायचा नव्हता. अहवालाची तारीख चार दिवसांवर होती, तीन माणसांचे काम दोघे करत होते आणि क्लायंट वर्षानुवर्षांचा होता. नीतिसंहितेत ऑडिटरच्या निष्पक्षतेला असलेले पाच धोके सांगितले आहेत: स्वार्थ, स्वतःच्याच कामाची तपासणी, क्लायंटची वकिली, अतिपरिचय आणि दडपण. दडपण म्हणजे कोणीतरी धमकावतो असे आपण समजतो, पण घड्याळाचे दडपण अधिक वेळा येते, आणि अतिपरिचय तर इतका सुखद असतो की तो धोका आहे हेच जाणवत नाही. चांगल्या माणसांच्या सहवासात आपण कमी प्रश्न विचारतो. त्यात त्या माणसांचा दोष नसतो.

धागाकर्तीला माझा सल्ला व्यवहाराचा आहे. सीनियरशी पुन्हा बोलताना "हे चुकीचे आहे" असे म्हणू नका. त्यांना विचारा, "ही पत्रे क्लायंटमार्फत गेली आणि क्लायंटमार्फत आली, असे मी फाइलवर लिहू का?" हे विधान सत्य आहे आणि त्यात कोणावरही आरोप नाही. पण ते लिहिल्यावर फाइल तपासणारा कोणीही पुढचा प्रश्न विचारणारच, हे सीनियरना लगेच कळेल. मला एका मुलीने हाच प्रश्न विचारला होता आणि मी त्याच संध्याकाळी पत्रे पुन्हा पाठवायला सांगितली. तरीही सीनियरनी नकार दिला तर पार्टनरकडे जा. मतभेद कसे मिटवायचे याची पद्धत प्रत्येक फर्ममध्ये असावीच लागते. मात्र ते वाक्य लिहिल्यावाचून "बाह्य कन्फर्मेशन मिळाली" असे लिहून स्वतःची सही करू नका. ते असत्य विधान होईल.

आणि हिशेबनिसांना तुम्ही स्वतः जाऊन सांगा. त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळू देऊ नका.

मुद्दल

विभावरीताईंचे शेवटचे वाक्य वाचून माझा बराचसा राग गेला. आम्हाला तपासणीचे दुःख नसते. आम्ही आणून दिलेले कागद मागाहून, आमच्या पाठीमागे, पुन्हा तपासले गेल्याचे कळते तेव्हा मन दुखावते. आधीच सांगितले असते की पत्र तुमच्या हातून जाता कामा नये, तर त्या हिशेबनिसांचेही सहा फेरे वाचले असते.

एक भर घालतो. पत्रे थेट पाठवण्याआधी कंपनीकडून पार्टीला एक ओळ जाऊ द्या, "आमचे ऑडिटर तुम्हाला विचारणार आहेत, कृपया त्यांना थेट उत्तर द्यावे." पत्र ऑडिटरच्याच हातून जाते, उत्तर ऑडिटरकडेच येते, आणि पार्टीलाही उत्तर देण्याचे कारण मिळते. आमच्याकडे असे केल्यापासून उत्तरे पुष्कळ अधिक येतात.

नोंदवही

तीन आठवड्यांनी परत लिहीत आहे, कारण येथे इतक्या जणांनी मनापासून वेळ दिला.

विभावरीताईंनी सुचवलेले वाक्य मी सीनियरना जसेच्या तसे विचारले. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "पुन्हा पाठव, आणि पत्ते मला दाखव." त्यानंतर मी हिशेबनिसांकडे गेले. मी त्यांना सांगितले की पत्रे तुमच्या हाती देणे ही माझी चूक होती, ती तुमची नव्हती, आणि मी ती दुरुस्त करत आहे. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारले, "माझ्या पत्रांत काही कमी होते का?" मी म्हटले, "तुमच्या पत्रांत नाही, माझ्या फाइलमध्ये होते." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःहून सहाही पार्ट्यांना मुद्दल यांनी सांगितले तशी एक ओळ पाठवली होती.

पत्ते मी स्वतंत्रपणे ताडून पाहिले आणि दोन मोठ्या पार्ट्यांना रक्कम कोरी ठेवून विचारले. चार पार्ट्यांची उत्तरे थेट आमच्या कार्यालयात आली आणि ती जुळली. कोऱ्या रकमेच्या दोन पत्रांपैकी एकात फरक निघाला. वर्षाच्या शेवटच्या दिवशी निघालेला माल त्यांच्याकडे चार दिवसांनी पोहोचला होता, म्हणून त्यांच्या वहीत ते बिल पुढच्या वर्षात होते. गंमत नव्हे, पण गंभीर बाब अशी की क्लायंटमार्फत आलेल्या त्याच पार्टीच्या पत्रावर आमची रक्कम बरोबर असल्याची सही होती. म्हणजे छापलेल्या रकमेखाली न पाहता सही होते हे रेवाकाठ यांचे म्हणणे खरे ठरले. सहाव्या पार्टीचे उत्तर आले नाही. तिच्याकडून नंतर जमा झालेल्या रकमा बँक स्टेटमेंटवरून आणि माल पोहोचल्याच्या सह्यांवरून जुळवल्या. आता ते फरकाचे बिल कोणत्या वर्षाचे धरायचे, हे मालाची मालकी केव्हा हस्तांतरित होते त्या अटीवरून ठरेल आणि त्यासाठी करार मागवला आहे.

खोटे असे काहीही सापडले नाही.

पडताळा

उत्तम काम केलेत. एक विचारतो. मागील वर्षांच्या फाइल पाहिल्यात का? त्यांतील कन्फर्मेशन कशी आली होती?

नोंदवही

काका, हाच प्रश्न मला परवा रात्री पडला आणि काल मी मागच्या तीन वर्षांच्या फाइल काढल्या. एकूण सतरा पत्रे आहेत. मुखपृष्ठावर तिन्ही वर्षी "बाह्य कन्फर्मेशन थेट प्राप्त" असे लिहिले आहे. सतरांपैकी एकाही पत्राला घडी नाही आणि एकाही पत्रासोबत पाकीट जोडलेले नाही. त्यांतील एका वर्षीच्या शेऱ्याखाली आमच्या सध्याच्या सीनियरची सही आहे. जुन्या फाइलवर मी काहीही लिहिलेले नाही. जे दिसले ते या वर्षीच्या फाइलमध्ये स्वतंत्र नोंद म्हणून लिहिले आहे. ती नोंद मी प्रथम सीनियरना वाचायला दिली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि स्वतःच्या हाताने खाली लिहिले, "पार्टनरकडे पाठवावी." सोमवारी आम्ही दोघे मिळून त्यांच्याकडे जाणार आहोत.